वाघाच्या ऑफिसात टायपिंगच करायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातली मुलगी, बीसीए झालेली. व्याघ्र प्रकल्पाच्या कार्यालयात ‘माहिती तंत्रज्ञान सहायक’ म्हणून ११ महिन्यांच्या कंत्राटावर निवड झाली आहे. घरचे म्हणतात, नाव वाघाचं आणि काम टायपिंगचं. तिला विचारायचंय की अशा कार्यालयात नेमकं काय चालतं, जंगलाला त्याचा काही उपयोग असतो का, आणि रुजू व्हावं का.

टायपिंग करावं लागेल, भरपूर लागेल. ते आधीच सांगून टाकतो. मी परतवाड्याला लिपिक म्हणून लागलो तेव्हा ऑफिसात टाइपरायटर होता. कार्बन लावून चार प्रती निघायच्या आणि चौथी वाचायला देवाचीच नजर लागायची. निवृत्त झालो तेव्हा नागपूरला माहिती प्रणालीचं टेबल सांभाळत होतो. मधली तीसेक वर्षं वन्यजीव शाखेतच गेली: लिपिक, लेखापाल, मुख्य लेखापाल, मग संगणक कक्ष. इतक्या वर्षांत एकाही वाघाला मी बेशुद्धीचा डार्ट मारला नाही, एकाही शिकाऱ्याच्या मागे धावलो नाही. जंगलात जे घडतं ते कागदावर येतं, आणि तो कागद कोषागारात, कोर्टात किंवा विधिमंडळात पोचेपर्यंत मध्ये कुठे तुटता कामा नये. मी एवढंच राखत आलो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तुटला की काय होतं ते पुढे येईलच.

आधी खात्याची मांडणी पटकन. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक हे पद वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ४ खालचं. ते नागपूरच्या वनभवनात बसतात. राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. प्रकल्पावर क्षेत्र संचालक, त्यांच्याखाली उपसंचालक, मग एसीएफ (सहायक वनसंरक्षक), आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी), वनपाल आणि सगळ्यात खाली, म्हणजे खरं तर सगळ्यात पुढे, नियतक्षेत्र, म्हणजे बीट, सांभाळणारा वनरक्षक. या उतरंडीच्या शेजारून दुसरी एक उतरंड जाते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: लिपिक, लेखापाल, वनसर्वेक्षक, कार्यालय अधीक्षक, आणि अलीकडे तुमच्यासारखे कंत्राटी लोक, म्हणजे जीआयएसवाले (संगणकावर नकाशे करणारे), जीवशास्त्रज्ञ, संगणक चालक. तुमचा पगार पुष्कळदा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडून येतो. २००६ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलेल्या कलम ३८-एक्स खाली ही प्रतिष्ठानं झाली. पर्यटनाचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता तिथे जमा होतो, आणि त्यातून अशी पदं भरता येतात. म्हणजे जिप्सीत बसून वाघ बघायला आलेला पुण्या-मुंबईचा पाहुणा तुमच्या पगाराला हातभार लावतो. त्याच्या बुकिंगचा फोन आला तर जरा गोड बोला. ताडोब्याचा गाभा, म्हणजे आतला राखीव भाग, मंगळवारी बंद असतो, हे तुम्हाला वर्षभरात हजार वेळा सांगावं लागेल.

आता कामाकडे येतो. एक गाय धरा.

गाभ्याभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावात वाघानं गाय मारली. मालक वनरक्षकाला कळवतो. पंचनामा होतो, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला येतो, फोटो, जीपीएसची नोंद, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स. आरएफओकडून प्रस्ताव विभागात, तिथे टिपणी, मंजुरी, देयक, कोषागार, आणि मग पैसे खात्यात. कागदोपत्री सरळ रस्ता आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, तेव्हापासून ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा नागरिकाचा हक्क झाला. माणूस दगावला तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात. गुरांचे, पिकांचे दर वेगळे.

मी एका विभागात होतो, कुठला ते सांगत नाही. तिथे एक म्हातारा शेतकरी तीनदा आला. प्रत्येक वेळी एसटीनं यायचा, जेवणाचं फडकं काखेत. आमच्या रजिस्टरला त्याच्या नावापुढे ‘प्रदान झाले’ असा शिक्का होता, तारखेसकट. त्याच्या पासबुकात मात्र काही नव्हतं. दोनदा आमच्या माणसानं त्याला रजिस्टर दाखवून परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो माझ्या टेबलापाशी बसला आणि म्हणाला, “वाघाचं काय हाय साहेब, तो आपलं काम करते. तुमचंच काई समजत नाई.”

मी शोधायला बसलो. त्याच्या बँकेचं विलीनीकरण झालं होतं आणि शाखेचा आयएफएससी बदलला होता. आमच्याकडे जुन्या पासबुकाची झेरॉक्स. पैसे गेले, खातं जुळलं नाही, पैसे परत आले आणि एका खात्यात पडून राहिले. परत आल्याची यादी दर महिन्याला येत होती, पण ती ज्या ईमेलवर यायची तो पत्ता बदलून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचा होता. त्या यादीत एकट्या त्याचंच नाव नव्हतं. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. फक्त साखळीतली एक कडी कुणाच्याही टेबलावर नव्हती.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. रजिस्टरमध्ये ‘प्रदान झाले’च्या पुढे ‘खात्यात जमा झाल्याची खात्री’ असा रकाना काढला, आणि कार्यालयाचे ईमेल माणसांच्या नावानं न ठेवता पदाच्या नावानं केले. दुसरं काम अर्ध्या दिवसाचं होतं. पहिल्याला सवय लागायला दोन वर्षं गेली.

हे मी इतकं ताणून का सांगतो? गाय गेलेल्या माणसाला पैसे उशिरा मिळाले तर तो पुढच्या वेळी वनरक्षकाला बोलवत नाही. मेलेल्या जनावरावर कीटकनाशक टाकतो. वाघ दुसऱ्या रात्री आपल्या शिकारीवर परत येतो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. असे वाघ मेलेले मी कागदावर पाहिले आहेत, पोटातल्या विषाच्या तपासणीच्या, म्हणजे व्हिसेरा अहवालासकट. म्हणून आयएफएससीचा रकाना हा माझ्या लेखी संरक्षणाचा भाग आहे. हे वाक्य मी एकदा बैठकीत बोललो तेव्हा लोक हसले होते, हरकत नाही.

दुसरं मोठं काम कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचं, आणि तुमचं शिक्षण बघता बहुधा हेच तुमच्या वाट्याला येईल. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते, आणि मधल्या वर्षांत व्याघ्र प्रकल्प आपापल्या हद्दीत कॅमेरे लावतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात, प्रत्येकात समोरासमोर दोन कॅमेरे. दोन यासाठी की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एकच वाघ दोन म्हणून मोजला जायची भीती. महाराष्ट्रात २०१४ ला १९०, २०१८ ला ३१२ आणि २०२२ ला ४४४ वाघ, हे आकडे वर्तमानपत्रात एका ओळीत येतात. त्या ओळीच्या मागे तुमच्यासारख्यांची डोळे चोळत घालवलेली रात्र असते.

फोटोंत काय असतं? वाऱ्यानं हललेलं गवत. गुरं. मोहफुलं वेचायला निघालेली माणसं. कॅमेऱ्याला नाक लावून बघणारं अस्वल. आणि ज्यानं कॅमेरा लावला त्या वनरक्षकाचा गुडघा. प्रजातीनुसार छाननीला आता कॅटरॅट नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते कृत्रिम बुद्धिमत्तेनं ढीग वेगळे करतं. पट्टे जुळवायला एक्स्ट्रॅक्टकम्पेअर आहे. ही साधनं चांगली आहेत. पण कार्ड कुठल्या कॅमेऱ्याचं, कुठल्या बाजूचं आणि कधीचं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते माणसानंच लिहावं लागतं.

एका हंगामात एक कार्ड आलं. त्यावर तीन बछड्यांसह वाघीण, लख्ख. तारीख मात्र १ जानेवारी आणि वर्ष कितीतरी आधीचं. सेल संपले होते, नवे घातल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर गेलं, आणि ते लावायचं राहिलं. अकरा दिवसांचे फोटो असेच. आमचा एक जण म्हणाला, “सॉफ्टवेअरमध्ये तारीख बदलून टाकू, कोण बघतं?” मी त्याला थांबवलं आणि त्या वनरक्षकाची खिशातली डायरी मागवली. पावसानं पानं फुगलेली. एका पानावर बॉलपेननं लिहिलं होतं: ‘कॅ. १७ ब, सेल बदलले, स. ७.४०, भुरभुर पाऊस.’ कार्डवरचा पहिला फोटो त्याच्याच गुडघ्याचा, घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं. म्हणजे खरी वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ यातला फरक मिळाला. तो फरक आम्ही तक्त्यात वेगळ्या रकान्यात मांडला, खाली कारण लिहिलं, डायरीच्या पानाचा फोटो जोडला. मूळ फाइलला हात लावला नाही. मूळ फाइलला कधीच हात लावायचा नाही, साहेबांनी सांगितलं तरी नाही. नक्कल काढा आणि नकलेवर काम करा.

तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली: कॅमेरा लावताना आणि काढताना वनरक्षकानं पाटी धरून समोर उभं राहायचं. पाटीवर कॅमेरा क्रमांक, बाजू, तारीख, वेळ. शाळेतली काळी पाटी आणि खडू. चार्ज करावी लागत नाही.

कॅमेऱ्यात माणसंही येतात, त्यांत बायका येतात. पहाटे उघड्यावर जाणारी बाई, सरपणाला निघालेली पोर. हे फोटो तुमच्या मशीनवर येतील. त्यांचं फोल्डर वेगळं, त्याला कुलूप, आणि चौकशीसाठी लेखी मागणी झाल्याशिवाय ते कुणालाही दाखवायचे नाहीत, ऑफिसातल्या ऑफिसातही नाही. गंमत म्हणून मोबाइलवर फिरवणारा एखादा महाभाग प्रत्येक कार्यालयात निघतोच. तुम्ही नव्या आहात, कंत्राटी आहात, तरी तिथे तोंड उघडा. एकदा गावातल्या बायकांचा विश्वास उडाला की कॅमेरे फुटायला लागतात, आणि त्यात चूक त्यांची नसते.

वाघाच्या जागेबद्दलही तसंच. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका कॉलर लावलेल्या वाघाची ठिकाणं ज्या ईमेलवर येत, तो उघडण्याचा कुणीतरी प्रयत्न केला आणि धागा पुण्यापर्यंत आल्याच्या बातम्या होत्या. आता तर एवढी खटपटही लागत नाही. हौशी कर्मचारी बछड्यांचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश तसेच जातात. तो तपशील पुसून फोटो बाहेर द्यायचा, ही पहिल्या आठवड्यात लावायची सवय.

सेलचा विषय निघालाच आहे तर खरेदीचं सांगतो, कारण तांत्रिक माणसाची सगळ्यात जास्त गरज तिथे असते आणि त्याला तिथे कुणी बोलवत नाही. एका कॅमेऱ्याला सहा-आठ सेल. तीनशे कॅमेरे धरले तर दोन-अडीच हजार सेल एका खेपेला. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, सगळ्यात कमी दर त्याला ऑर्डर, म्हणजे एल-वन. मागणीपत्रात लेखा शाखेनं नुसतं ‘पेन्सिल सेल’ लिहिलं तर नियमानं स्वस्तातले साधे सेल येणार, आणि रात्रीच्या फ्लॅशनं ते चार दिवसांत बसणार. वनरक्षक पाच किलोमीटर चालत जाऊन मेलेला कॅमेरा बघून परत येणार. मग ठपका कुणावर? त्याच्यावर. ‘अल्कलाइन, डबल-ए, उत्पादन सहा महिन्यांच्या आतलं, नमुना तपासून स्वीकारणार’ एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात, पण लिहिणाऱ्याला जंगलातलं दुखणं माहीत असावं लागतं. लेखापालाला दोष देऊ नका, त्यानं कॅमेरा पाहिलेलाच नसतो. एकदा त्याला सोबत घेऊन जा. मी आमच्या एका लेखापालाला नेलं होतं. भिवापुरी मिरचीची भाजी आणि ज्वारीची भाकरी संरक्षण कुटीत, म्हणजे जंगलातल्या गस्तीवाल्यांच्या मुक्कामाच्या जागी, खाऊन आला, आणि त्या वर्षापासून कुट्यांच्या सोलर बॅटऱ्यांचं डिस्टिल्ड वॉटरचं बिल कधी अडलं नाही. सोलरवरून आठवलं: वायर पाइपातूनच न्यायला सांगा. उघड्या वायरला वानरं झोके घेतात.

कोर्टाचा भाग नीट समजून घ्या, कारण इथे तांत्रिक चूक झाली तर ती मागाहून दुरुस्त करता येत नाही. वन्यजीव गुन्ह्यात आरोपपत्र पोलीस दाखल करत नाहीत. कलम ५५ प्रमाणे प्राधिकृत वनाधिकारी थेट न्यायालयात तक्रार करतो. कलम ५०(८) खाली एसीएफच्या खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी जबाब नोंदवू शकतो, आणि आरोपीसमोर नोंदवलेला तो जबाब पुढे पुरावा म्हणून चालतो. त्यामुळे कॅमेऱ्यात शिकारी सापडला किंवा जप्त मोबाइलमध्ये कातड्याचा फोटो निघाला, की ती फाइल तुमच्या मशीनपर्यंत येण्याचा संभव असतो. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं पूर्वीचं ६५-बी प्रमाणपत्र आता कलम ६३ खाली द्यावं लागतं, त्याचे दोन भाग: अ भाग ज्याच्या ताब्यात यंत्र किंवा नोंद होती त्यानं भरायचा, ब भाग तज्ज्ञानं. आणि त्यात हॅश मूल्य लिहावं लागतं. तुम्हाला कॉम्प्युटरचं माहीत आहे, तेव्हा हॅश म्हणजे काय ते सांगायला नको. वनरक्षकाला मी असं सांगायचो: फाइलचा अंगठा. एक ठिपका बदलला तरी अंगठा जुळत नाही. म्हणून कार्ड हातात आल्या आल्या, काहीही उघडून बघण्याआधी, हॅश काढा, पंचनाम्यात लिहा, कार्ड लिफाफ्यात सील करा. उत्सुकतेपोटी आधी उघडून, कॉपी-पेस्ट करून, ‘टायगर फायनल २’ नावानं सेव्ह केलेली फाइल बचावाच्या वकिलाला आयतीच मिळते.

यात अभिमानानं सांगण्यासारखं एक उदाहरण आपल्याकडेच आहे. २०१३ मध्ये मेळघाटात वाघांच्या शिकारी उघड झाल्या, टोळ्या राज्याबाहेरून आलेल्या. तेव्हा तिथे वन्यजीव गुन्हे शोधणारा एक छोटा कक्ष उभा राहिला. मोबाइल कॉलच्या नोंदी घ्यायच्या, टॉवरनुसार कोण कधी कुठे होतं ते एक्सेलमध्ये लावायचं, कोण कुणाशी बोललं त्याची जाळी काढायची. पुढे इतर राज्यांनीही त्यांची मदत घेतली. बंदूक, जिप्सी असलं काही नाही. टेबल, संगणक आणि एकेक नंबर चिकाटीनं बघणारी माणसं.

रात्रीची कामंही असतात. एखादा वाघ माणसांवर हल्ले करू लागला की त्याला बेशुद्ध करून पकडायची परवानगी लागते. वाघ कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाचा, त्यामुळे कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी, कारणांसह आदेश हवा. खालून प्रस्ताव येतो रात्री दहाला: घटनांची यादी, नकाशा, कॅमेऱ्यातली ओळख, पकडायचे केलेले प्रयत्न. गावात लोक रस्त्यावर बसलेले असतात, वरून फोन, आणि तुमच्यासमोर यादीत एका गावाचं नाव दोन वेगळ्या तालुक्यांत. इथे घाई करायची नाही. २०१८ मध्ये पांढरकवड्याच्या टी-१ (‘अवनी’) वाघिणीबद्दलचा असाच आदेश उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला होता. असे आदेश वकील ओळ न ओळ वाचतात. परिशिष्टातली तारीख आणि पंचनाम्यातली तारीख जुळते का, हे बघणारा माणूस रात्री अकराला जागा असावा लागतो. बहुतेक वेळा तो लिपिक असतो, आणि त्याचं नाव कुठेही येत नाही.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की वेगळीच तारांबळ. तारांकित प्रश्न, लक्षवेधी. ‘गेल्या तीन वर्षांत राज्यात किती वाघ मृत्युमुखी पडले, त्यांपैकी किती विजेच्या धक्क्यानं?’ दुपारी फोन, संध्याकाळी उत्तर. तुम्हाला वाटेल आकडा द्यायचा, त्यात काय. पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाकडचा आकडा जानेवारी ते डिसेंबर असतो आणि आपल्या नस्त्या, म्हणजे फायली, एप्रिल ते मार्च. एका यादीत ‘तपास सुरू’ असलेला मृत्यू दुसऱ्या यादीत ‘नैसर्गिक’ झालेला असतो. बछडे एकात मोजलेले, एकात नाहीत. दोन्ही आकडे खरे, आणि सभागृहात दोन्ही वाचले गेले तर खातं खोटं. माझा उपाय साधा होता: प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर एक ओळ, कालावधी कुठला, बछडे धरले की नाही, माहिती कुठल्या तारखेची. ही ओळ नसलेला तक्ता मी पुढे जाऊ देत नसे. लोक मला किरकिऱ्या म्हणायचे, होतोच.

वणव्याचं थोडक्यात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या सूचना मोबाइलवर येतात. त्यात व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचा ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे ३७५ मीटरचा चौकोन. तो ठिपका कधी शेतातल्या काडीकचऱ्याचा निघतो, कधी वीटभट्टीचा. कर्मचारी बदलले की त्यांचे नंबर यादीत बदलणं हे तुमचं काम. बदली होऊन कोकणात गेलेल्या माणसाला मेळघाटातल्या आगीचा संदेश आलेला मी पाहिला आहे.

त्याच दिवसांत मजुरीचं बघा. आग पाहणारे हंगामी मजूर मेळघाटात मुख्यतः कोरकू. त्यांचा मोठा सण होळी. हजेरीपट मार्चअखेरच्या गर्दीत अडकला आणि होळीला हातात पैसे नसले, तर पुढच्या आठवड्यात जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्यावर, कोण येईल? नियमात होळी लिहिलेली नाही. पण अनुदान वितरणाची मागणी जानेवारीतच पाठवायची, हे आपल्या हातात असतं.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. तंत्रज्ञानाच्या नावावर आपण वनरक्षकाच्या डोक्यावर काय काय ठेवलं ते एकदा मोजा. गस्तीसाठी एम-स्ट्राइप्स ही नोंदीची प्रणाली, २०१० पासून आहे आणि कामाची गोष्ट आहे. गस्तीचा मार्ग, पाऊलखुणा, सगळं त्यात येतं, नेटवर्क नसताना नोंद होते आणि नंतर चढवता येते. पण त्याच्या जोडीला व्हॉट्सअॅपवर हजेरीचा फोटो, रोपवनाचं वेगळं अॅप, पाणवठ्याचा गुगल फॉर्म, वरून ‘तात्काळ’ शिक्क्याचा एक्सेल नमुना, आणि तीच माहिती रजिस्टरला हातानं. एकच पाणवठा पाच ठिकाणी. डोंगरातल्या कुटीतला माणूस अपलोड करायला रेंज शोधत टेकडीवर चढतो, आणि तेवढा वेळ त्याचं बीट मोकळं. एका वनरक्षक ताईनं मला विचारलं होतं, “सर, मी जंगल राखू की मोबाइल?” मी गप्प बसलो, कारण त्या पाचांतला एक नमुना माझाच होता. दुसऱ्या दिवशी तो बंद केला आणि लागणारी माहिती एम-स्ट्राइप्सच्या डेटातून काढायला शिकलो. तीन दिवस गेले शिकायला. तिचे रोजचे वीस मिनिटं वाचले, आणि तिच्यासारखे विभागात शंभरावर होते. नवा फॉर्म काढायचा आदेश आला तर साहेबांना नम्रपणे विचारा, याच्या बदल्यात जुना कुठला बंद करायचा. नव्या माणसाला असे प्रश्न माफ असतात. तीन वर्षांनी नसतात.

आणि वायरलेसला जुनाट म्हणून हसू नका. मेळघाटच्या दऱ्यांत मोबाइल मुका होतो तेव्हा टेकडीवरच्या रिपीटरवरून (संदेश पुढे पाठवणाऱ्या यंत्रावरून) वॉकी-टॉकी बोलतो. रिपीटरची बॅटरी, परवान्याचं नूतनीकरण, सेटचे क्रमांक, हे सगळं कुणाच्या तरी टेबलावर असतं. अॅपच्या सादरीकरणाला टाळ्या पडतात, परवान्याच्या नूतनीकरणाला कुणी चहा पण विचारत नाही. मला विचाराल तर आधी परवाना.

रुजू व्हायचं का? व्हा, पण डोळे उघडे ठेवून. कंत्राट ११ महिन्यांचं, मग एक-दोन दिवसांचा खंड देऊन पुन्हा नवा आदेश. कायम होण्याचं तोंडी आश्वासन कुणी दिलं तर ऐकून घ्या, धरून चालू नका. शेजारच्या खुर्चीतला कायम कर्मचारी तुमच्या काही पट पगार घेऊन तुमच्याकडूनच एक्सेल करून घेईल. त्याला शिकवा, पण त्याची फाइल स्वतःच्या नावावर घेऊ नका. पगार केंद्राच्या निधीतून असेल आणि तो निधी उशिरा आला तर पगार रखडतो. दोन-तीन महिन्यांची तजवीज जवळ ठेवा. नेमणूक आदेशात मुख्यालय कुठलं, दौऱ्याचा प्रवासभत्ता मिळतो का, आणि जंगलात जायचं तर विमा आहे का, हे लेखी बघा. विमा नसेल तर रुजू होण्याआधी विचारा, नंतर विचारायला संकोच वाटतो. स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतील तर देत राहा, कुणी वाईट मानत नाही. वनरक्षक भरतीची तयारी करणारे दोघे-तिघे तुम्हाला तिथेच भेटतील.

पहिल्या दिवशी संगणक उघडण्याआधी जडसंग्रह नोंदवही मागून घ्या, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. तुमच्या खोलीतला प्रत्येक कॅमेरा, जीपीएस, हार्ड डिस्क नोंदीशी ताडून पाहा, जे नाही त्याची यादी करा आणि आवक-जावकवरून लेखी देऊन पोच घ्या. आधीचा माणूस चांगला होता म्हणून सोडू नका. तोही सांगेल, घे म्हणून. आणि पहिल्या महिन्यात आरएफओंना विचारून एक रात्र संरक्षण कुटीत काढा. जाताना शाळेची पाटी न्या, खडूचा डबा न्या, आणि दोन डझन चांगले सेल न्या. रात्री तिथली माणसं सांगतील की तुमच्या ऑफिसकडून त्यांचं काय काय अडलं आहे. लिहून घ्यायला वही ठेवा, मोबाइल काढलात तर ती बोलायची थांबतात.